अवजार ज्याचं, किल्ली त्याची

मे महिना संपत आला की शिकागोच्या पश्चिमेला, उपनगरं विरळ होतात तिथे, एखाद्या शेतात म्हातारा लाल ट्रॅक्टर गवत कापताना दिसतो. पुढची दोन चाकं एकमेकांना चिकटलेली, सीट म्हणजे लोखंडी थाळी, छत नाही, केबिन नाही. आपण गाडी हळू करतो, मुलांना दाखवतो, फोटो काढतो आणि फोटोखाली लिहितो, ‘जुनं ते सोनं’.

मला भांडायचं आहे ते या ‘जुनं ते सोनं’शी. त्या ट्रॅक्टरमध्ये सोनं नाही, चांगलं जाड लोखंड आहे. तो जुना आहे म्हणून मोलाचा आहे, असंही नाही. त्याचं मोल एवढ्यासाठी, की तो त्याच्या मालकाच्या मालकीचा आहे. वाक्य वेडगळ वाटेल. विकत घेतलेली वस्तू मालकाचीच असणार, त्यात काय सांगायचं? पण आजच्या अमेरिकेत, आणि उद्याच्या महाराष्ट्रात, हे सांगावं लागतं. आणि सांगावं लागतं ते आपल्याला, म्हणजे परदेशात राहणाऱ्या, बहुतांशी इंजिनियर असलेल्या मराठी माणसांना. कारण नव्या यंत्रांवर जी कुलपं बसवली जात आहेत, ती बसवणारे हात पुष्कळदा आपलेच असतात.

आधी तो म्हातारा ट्रॅक्टर नेमकं काय करतो ते पाहू. फोटोत ते येत नाही.

आपल्याकडे डोंगरउतारावरचं किंवा कुरणातलं गवत पाऊस सरल्यावर, दसऱ्याच्या आगेमागे कापतात. विळ्याने कापायचं, पेंढ्या बांधायच्या, गंजी रचायची. आभाळ साधारण निरभ्र असतं, त्यामुळे वाळवायची फारशी घाई नसते. इलिनॉयमध्ये तसं नाही. इथली पहिली कापणी मेअखेर ते जूनमध्ये येते, आणि त्याच दिवसांत वळवासारखी वादळं येतात. लसूणघास फुलोऱ्यावर यायच्या बेतात असताना कापला तर त्यात सत्त्व जास्त. दहा दिवस थांबलात तर काड्या उरतात. म्हणजे गवत कापायचं ते दोन पावसांच्या मधे. पहिल्या दिवशी कापायचं, मग पसरून उलटंपालटं करायचं, वाळलं की रेकने त्याच्या लांब ओळी करायच्या आणि मग गठ्ठे बांधायचे. त्या वेळी ओलावा साधारण १८ टक्क्यांच्या आसपास आलेला हवा. त्याहून ओलं गवत बांधलं तर ते कुजतं, आतून तापतं, आणि कोठारात रचून ठेवलेले गठ्ठे आपोआप पेटल्याचे प्रकारही घडतात. कापून पडलेल्या गवतावर पाऊस पडला तर पानं झडतात, सत्त्व धुऊन जातं, घोड्यांसाठी गवत घेणारं गिऱ्हाईक पाठ फिरवतं. तीन-चार कोरडे दिवस मिळतात. त्यात यंत्र बंद पडलं तर वर्षाच्या कमाईचा एक भाग शेतातच काळा पडतो.

आता यंत्राकडे वळू. त्या लाल ट्रॅक्टरचं नाव बहुतेक वेळा फार्मऑल असतं. त्याचं ‘एच’ मॉडेल १९३९ साली बाजारात आलं आणि १९५३ पर्यंत इलिनॉयच्याच रॉक आयलंड गावात बनत होतं. ताकद जेमतेम २५ अश्वशक्तीच्या आसपास. त्याला बाजूने जोडलेली असते सिकल बार, म्हणजे सहा-सात फूट लांब पोलादी पट्टी. तिच्यावर तीन-तीन इंच रुंदीची त्रिकोणी पाती रिव्हेटने ठोकलेली. खाली बोटांसारखे गार्ड. गार्डमधून पाती भराभर मागेपुढे सरकतात आणि गवत कात्रीने कापल्यासारखं मुळाशी आडवं होतं. ट्रॅक्टरची फिरती गती या सरकत्या गतीत बदलणारा जो दांडा असतो, त्याला पिटमन म्हणतात, आणि जुन्या यंत्रांत तो चक्क लाकडाचा असतो. लाकडाचा का? पात्याखाली दगड किंवा तारेचा तुकडा आला तर सगळ्यात आधी तो दांडा मोडावा म्हणून. महागाचं पोलाद वाचतं, स्वस्तातलं लाकूड जातं. विजेच्या फळीवरच्या फ्यूजसारखंच हे. फक्त हा फ्यूज हिकरीच्या फळीतून घरी तासून बनवता येतो.

मॅकहेन्री काउंटीतल्या एका सत्तरी ओलांडलेल्या शेतकऱ्याकडे मी हे काम एकदा पाहिलं. कापता कापता एक पातं तुटलं. त्याने ट्रॅक्टर बंद केला, पट्टी बाहेर ओढली, छिन्नीने दोन रिव्हेट उडवले, खोक्यातून नवं पातं काढलं, लोखंडाच्या तुकड्यावर ठेवून दोन नवे रिव्हेट ठोकले. सगळं मिळून १५ मिनिटं. पश्चिमेकडे ढग जमत होते. त्याने कोणाला फोन केला नाही, कोणाची वाट पाहिली नाही. ट्रॅक्टरला विचारावं लागलं नाही की बाबा रे, हे नवं पातं तुला मान्य आहे का.

हे शेवटचं वाक्य विनोद म्हणून लिहिलेलं नाही. नव्या यंत्रांना हे विचारावं लागतं.

आजचा मोठा ट्रॅक्टर म्हणजे चाकांवरचा संगणक. इंजिन, गिअर, हायड्रॉलिक, धुराचं नियंत्रण, प्रत्येकाचा स्वतंत्र कंट्रोलर, आणि ते सगळे एकमेकांशी बोलत असतात. एखादा सेन्सर बिघडला की पडद्यावर एक आकडा येतो आणि ट्रॅक्टर ताकद कमी करून रांगायला लागतो, किंवा थांबतो. सेन्सर शेतकऱ्याला बदलता येतो. पाना त्याच्याकडेही असतो. पण बिघाड नेमका कुठे आहे हे शोधायला, आणि अनेकदा बदललेला भाग यंत्राला ओळखीचा करून द्यायला, एक सॉफ्टवेअर लागतं. ते पूर्ण स्वरूपात फक्त अधिकृत डीलरकडे असतं. डीलर ४० मैलांवर, शनिवारी दुपारनंतर बंद, आणि हंगामात त्याचा तंत्रज्ञ आठ शेतांत अडकलेला. गवत मात्र कापून पडलेलं.

अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या ट्रॅक्टर कंपनीबद्दल, म्हणजे इलिनॉयच्याच मोलीन गावच्या जॉन डिअरबद्दल, नेमकी हीच तक्रार घेऊन फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये दावा दाखल केला. इलिनॉय आणि मिनेसोटा ही राज्यं सुरुवातीपासून सोबत होती. दुरुस्तीचं पूर्ण क्षमतेचं साधन फक्त डीलरांना देऊन कंपनीने दुरुस्तीचा बाजार आपल्या मुठीत ठेवला, असा आरोप. कंपनीने तो नाकारला आहे. ग्राहकांना स्वतः दुरुस्ती करता यावी म्हणून आम्ही साधनं देतोच, असं तिचं म्हणणं. न्यायालय काय ते ठरवेल. पण कंपनीची मूळ भूमिका समजून घ्यायची तर दहा वर्षं मागे जायला हवं. २०१५ साली अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयापुढे असा प्रश्न आला, की स्वतःच्या ट्रॅक्टरमधलं सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी उघडलं तर तो गुन्हा मानायचा का. तेव्हा कंपनीने लेखी मांडलं, की ट्रॅक्टर घेणाऱ्याला त्यातल्या सॉफ्टवेअरची मालकी मिळत नाही. यंत्र जिवंत आहे तोवर ते चालवायचा एक गृहीत परवाना तेवढा मिळतो. कार्यालयाने ते ऐकलं आणि त्याच वर्षी शेतकऱ्यांच्या बाजूने सूट दिली. पण सूट म्हणजे कुलूप तोडलं तर शिक्षा नाही, इतकंच. किल्ली कोणी हातात दिली नाही.

थोडा विचार करा. तुमचे आजोबा बैलजोडी घेऊन बाजारातून निघाले आहेत आणि विकणारा मागून ओरडतो आहे, ‘पाटील, बैल तुमचे, पण त्यांची चाल आमची. चाल बिघडली तर आमच्याकडेच आणायचं.’ आजोबांनी काय उत्तर दिलं असतं ते मासिकात छापता येणार नाही.

‘पण आमचा आणि शेतीचा संबंध काय?’ हा प्रश्न मला मंडळाच्या प्रत्येक जेवणावळीत विचारला गेला आहे. संबंध तीन पदरी आहे.

पहिला पदर इतिहासाचा. शिकागो हे शहरच गवत आणि धान्य कापणाऱ्या यंत्रांवर वाढलं. सायरस मॅकॉर्मिक १८४७ साली आपलं कापणी यंत्र घेऊन इथे आला आणि नदीकाठी कारखाना टाकला. १९०२ साली मॅकॉर्मिक, डिअरिंग आणि इतर कंपन्या एकत्र होऊन इंटरनॅशनल हार्वेस्टर झाली. फार्मऑल तिचाच. आणि याच शिकागोच्या कंपनीने १९६३ साली महिंद्र आणि व्होल्टास यांच्याबरोबर इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. तिच्या बी-२७५ या ट्रॅक्टरने महाराष्ट्रातल्या कित्येक गावांना ट्रॅक्टर म्हणजे काय ते शिकवलं. कांदिवलीच्या कारखान्यातून निघालेला तो ट्रॅक्टर तालुक्याच्या गावचा फिटर कडुनिंबाखाली ताडपत्री अंथरून, पान्यांचा एक संच आणि एक हातोडी घेऊन, अख्खा खोलायचा आणि संध्याकाळी पुन्हा जोडून द्यायचा. त्यातला ‘२७५’ हा आकडा महिंद्रच्या मॉडेलांच्या नावात अजून टिकून आहे. म्हणजे इलिनॉयच्या शेतातला तो लाल म्हातारा आपल्या गावाकडच्या ट्रॅक्टरच्या घराण्यातलाच. ‘क्यूट’ म्हणून त्याच्याशी परक्यासारखं वागायचं कारण नाही.

आणखी मागे जा. मराठी उद्योगाची मुळंही अशीच चाऱ्यात रुजलेली आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सुरुवातीला बनवलेल्या यंत्रांत कडबा कापायचं यंत्र होतं. त्यानंतर, १९०३ साली, लोखंडी नांगर आला, आणि १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडाने जमीन नासते असं मानणाऱ्या शेतकऱ्यांना तो नांगर विकणं सोपं नव्हतं. विश्वास बसला तो वापरून, हाताळून, खोलून पाहिल्यावर.

दुसरा पदर नोकरीचा, आणि इथे थोडं झोंबेल. पुण्याच्या मगरपट्ट्यात जॉन डिअरचं मोठं तंत्रज्ञान केंद्र आहे. सणसवाडीला ट्रॅक्टरचा कारखाना आहे. न्यू हॉलंड ज्यांची, त्या सीएनएचचा कारखाना चाकणला. इकडे मोलीन, पिओरिया, बर ओक नव्हे तर बर रिज, या गावांत यंत्र कंपन्यांच्या कचेऱ्यांत मराठी आडनावांची कमतरता नाही. यातले बहुतेक जण उत्तम, प्रामाणिक काम करतात. कंपनीची धोरणं ते ठरवत नाहीत, हेही खरं. पण ‘हा भाग बदलल्यावर तो चालू करायला डीलरचा लॉगिन लागेल’ ही ओळ कोणीतरी लिहितो, कोणीतरी तपासतो, कोणीतरी ‘लुक्स गुड’ म्हणून पुढे पाठवतो. तो कोणीतरी आपल्या मंडळात गणपतीची आरती म्हणतो. खंडेनवमीला लॅपटॉपला हळदकुंकू वाहतो, दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो. अवजाराची पूजा करणाऱ्या माणसाने अवजाराला त्याच्या मालकापासून तोडायचं, यात काही खुपत नसेल तर ती पूजा नुसतीच सजावट झाली.

तिसरा पदर डेव्हन ॲव्हेन्यूचा. हा मला सगळ्यात जवळचा वाटतो.

डेव्हन म्हटलं की आपल्याला वेस्टर्न ॲव्हेन्यूच्या पश्चिमेचे ते काही ब्लॉक आठवतात: साड्या, सोनं, मिठाई, १९७४ साली सुरू झालेलं पटेल ब्रदर्स, ‘गांधी मार्ग’ची पाटी. हा रस्ता तुटत तुटत पुढे पश्चिमेला एल्क ग्रोव्ह व्हिलेज आणि बार्टलेटपर्यंत जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर घरं उठेपर्यंत एल्क ग्रोव्ह ही शेतजमीनच होती. आपण जिथे भेळ खातो त्या भागातही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लक्झेंबर्गहून आणि जर्मनीहून आलेल्या लोकांचे भाजीचे मळे आणि काचघरं होती. म्हणजे डेव्हन हा मुळात शेतकरी स्थलांतरितांचा रस्ता.

पण माझा मुद्दा जमिनीचा नाही, दुकानाच्या मागच्या फळीचा आहे. डेव्हनवरच्या भांड्यांच्या दुकानात जा. तिथे कुकरची रिंग मिळते. शिट्टी मिळते, सेफ्टी व्हॉल्व्ह मिळतो, हँडलचा स्क्रू मिळतो. मिक्सरच्या भांड्याचं पातं मिळतं, खालचा तो रबरी कपलर मिळतो. आईने १९८० च्या सुमारास बॅगेत कोंबून आणलेला कुकर आज तिच्या नातीच्या अपार्टमेंटमध्ये भात शिजवतो आहे, तो या फळीच्या जिवावर. रिंग बदलल्यावर कुकर कधी म्हणाला का, की ही रिंग मी ओळखत नाही, अधिकृत तंत्रज्ञाला बोलवा, तोवर मी अर्धीच वाफ धरीन? आपण त्याला दुसऱ्या मिनिटाला कचऱ्यात टाकलं असतं, आणि कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता.

बाहेरून आलेल्या, सुरुवातीला पैसे मोजून वापरणाऱ्या माणसांना दुरुस्तीचं मोल पक्कं ठाऊक होतं. डेव्हनची ती फळी म्हणजे आपला न लिहिलेला कायदा आहे: वस्तू घेतली की तिचे सुटे भागही मिळाले पाहिजेत, आणि ते बसवायला कोणाची परवानगी लागता कामा नये. हा कायदा आपण स्वयंपाकघरात पाळतो. मग ट्रॅक्टर आला की गप्प का बसतो?

आता विरोधी मुद्दे. ते पोकळ नाहीत, म्हणून एकेक करून घेतो.

पहिला मुद्दा सुरक्षेचा. जुने ट्रॅक्टर धोकादायक होते, हे शंभर टक्के खरं आहे. पुढची चाकं जवळ असलेला फार्मऑल उतारावर सहज उलटतो, आणि चालकाला वाचवणारी लोखंडी चौकट त्याला नाही. मागच्या फिरत्या दांड्याला आवरण नसलं तर सदऱ्याची बाही पकडून तो माणूस ओढतो. सिकल बारने बोटं गेलेली माणसं इथल्या जुन्या शेतकरी कुटुंबांत सापडतात. शिवाय ‘एच’मध्ये क्लच दाबला की कापणी यंत्रही थांबतं, दाट गवतात पाती अडकली की खाली उतरायचा मोह होतो, आणि अपघात तिथेच होतात. पण बघा, यावरचे उपाय काय आहेत? चौकट, पट्टा, दांड्यावरचं आवरण. यातल्या कशालाही कुलूपबंद सॉफ्टवेअर लागत नाही. उलट ज्याला आपल्या यंत्राची रचना कळते, त्याला धोका कुठे आहे हेही कळतं.

दुसरा मुद्दा धुराचा. शेतकऱ्यांना सॉफ्टवेअर उघडून दिलं तर ते प्रदूषण नियंत्रण बंद करतील, असं कंपन्या अनेक वर्षं सांगत आल्या. २०२३ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या प्रमुखांनी शेतकरी संघटनेला पत्र लिहून स्पष्ट केलं, की स्वच्छ हवेचा कायदा स्वतंत्र दुरुस्तीच्या आड येत नाही. नियंत्रण मुद्दाम बंद करणं हा वेगळा गुन्हा आहे, त्याला वेगळी शिक्षा आहे. काही लोक वेगाने गाडी चालवतात म्हणून सगळ्यांच्या गाड्यांची बॉनेट वेल्डिंग करून टाकायची नसतात.

तिसरा मुद्दा उत्पादकतेचा. जुना ट्रॅक्टर दिवसभरात कापतो ते नवा एक-दोन तासांत उरकतो. शिवाय काड्या चेचून टाकणारं नवं यंत्र गवत लवकर वाळवतं. सिकल बारने कापलेल्याला एखादा दिवस जास्त लागतो. मान्य, सगळं मान्य. दीड हजार एकर कसणाऱ्याने फार्मऑल वापरावा असं मी म्हणत नाही. उपग्रहावरून सरळ ओळ धरणारं स्टिअरिंग, खत मोजून टाकणारे सेन्सर, हे चांगले शोध आहेत आणि त्यांत आपल्या माणसांचाही हात आहे. माझं भांडण संगणकाशी नाही. किल्ली कोणाच्या खिशात आहे, एवढाच प्रश्न आहे. कुलपाने एक गवताची काडीही जास्त कापली जात नाही.

चौथा मुद्दा बौद्धिक संपदेचा. ‘आम्ही मेहनतीने लिहिलेला कोड फुकट वाटायचा का?’ नाही. पुस्तकाची शिवण सुटली तर वाचक ते बांधणीवाल्याकडे नेतो. त्यासाठी प्रकाशकाची परवानगी लागत नाही, आणि बांधणी करणं म्हणजे नक्कल छापणं नव्हे. शेतकऱ्याला कोड नको आहे. आकड्याचा अर्थ, तपासणीचं साधन आणि नवा भाग चालू करायची सोय हवी आहे, रास्त किमतीत, विकत. मोटारींच्या बाबतीत हे केव्हाच झालं. २०१२ साली मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी प्रचंड बहुमताने कायदा केला आणि पुढे दोन वर्षांत मोटार कंपन्यांनी तोच करार देशभर मानला. म्हणूनच तुमची होंडा कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये दुरुस्त होते. त्यामुळे होंडा बुडाली नाही.

ट्रॅक्टरसाठी असा पहिला कायदा कोलोरॅडोने २०२३ साली केला. १ जानेवारी २०२४ पासून तो लागू झाला. त्याच्या थोडं आधी, जानेवारी २०२३ मध्ये, जॉन डिअरने अमेरिकन फार्म ब्युरोबरोबर एक समजुतीचा करार केला. त्यात दुरुस्तीची साधनं देण्याचं आश्वासन होतं, आणि बदल्यात फार्म ब्युरोने अशा कायद्यांना पाठिंबा द्यायचा नाही, अशी अट होती. आश्वासन आणि कायदा यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नसावी.

एक गोष्ट मात्र स्वतःला बजावून सांगतो. दुरुस्तीच्या नावाने जुन्या गावाचे गोडवे गायचे नाहीत. गावात सुतार आणि लोहार नांगर, जू, विळे दुरुस्त करून द्यायचे हे खरं. पण ते बलुत्यावर, जातीने बांधलेले होते. शेतकरी सांगेल तेव्हा भट्टी पेटवायची आणि खळ्यावर जे मिळेल ते पदरात घ्यायचं. त्यांच्या कौशल्याला त्यांची स्वतःची किल्लीही नव्हती. तालुक्याच्या फिटरने ती साखळी थोडी तोडली. तो जातीवर नव्हे, हातावर जगायला लागला. त्याचं दुकान, त्याची पाटी, त्याचा दर. कुलूपबंद यंत्र आलं की पहिला बळी याच माणसाचा जाणार आहे. म्हणून हा प्रश्न केवळ अमेरिकेतल्या श्रीमंत शेतकऱ्याचा नाही. भारत सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि वर्षअखेर संकेतस्थळही सुरू केलं, त्यात शेतीची अवजारं पहिल्या चार क्षेत्रांत आहेत. संकेतस्थळ ठीक आहे. पण महाराष्ट्रात मोठे, संगणकी ट्रॅक्टर सर्रास येण्याआधी दात असलेला कायदा झाला, तर कडुनिंबाखालचा तो फिटर वाचेल.

कुलपाची ताकद किती असते, हे २०२२ साली जगाने पाहिलं. युक्रेनमधल्या मेलिटोपोल इथून रशियन सैनिकांनी डीलरकडची यंत्रं पळवून चेचन्यापर्यंत नेली, आणि ती दुरूनच बंद पाडली गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. पण टाळ्या थांबल्यावर एक गोष्ट शिल्लक राहते: हजारो मैलांवरचा ट्रॅक्टर एका खोलीतून बंद करता येतो. ज्याला चोराचा ट्रॅक्टर बंद करता येतो, त्याला मालकाचाही करता येतो.

मग करायचं काय? तीन साधी कामं सुचवतो.

जे या क्षेत्रात नोकरी करतात त्यांनी पुढच्या डिझाइन मीटिंगमध्ये दोनच प्रश्न विचारावेत: हा बिघाडाचा आकडा मालकाला वाचता येईल का? हा भाग बदलल्यावर मालकाला तो स्वतः चालू करता येईल का? उत्तर ‘नाही’ असेल तर ‘का’ हे लेखी मागावं. यासाठी नोकरी सोडायला नको, आवाज चढवायला नको. मीटिंगच्या नोंदीत प्रश्न राहिला पाहिजे, एवढंच.

जे इथे मतदार आहेत त्यांनी आपल्या राज्याच्या प्रतिनिधीला पत्र लिहावं. इलिनॉय हे ट्रॅक्टरचं माहेर आहे. इथल्या प्रतिनिधींना शेतकऱ्यांची पत्रं येतातच. शॉमबर्ग आणि नेपरव्हिलच्या मराठी इंजिनियरांची आली तर त्यांना ती नवी वाटतील, आणि नवी पत्रं वाचली जातात.

तिसरं काम मंडळांचं. रँटूल गावात दर दोन वर्षांनी, विषम वर्षी, ऑगस्टमध्ये जुन्या शेतीयंत्रांचा मोठा मेळा भरतो. ट्रॅक्टर, मळणी यंत्रं प्रत्यक्ष शेतात चालवून दाखवतात. मराठी शाळेची एक सहल तिथे न्या. मुलांना सांगा की फोटो नंतर काढा, आधी विचारा: काका, हे मोडलं तर कोण दुरुस्त करतं? आणि खंडेनवमीला हॉल भाड्याने घेताच आहात, तर आरतीनंतर दोन तास टेबलं मांडा. बंद पडलेले मिक्सर, सायकली, शिलाई मशीन आणा. आपल्यात निवृत्त मेकॅनिकल इंजिनियर काही कमी नाहीत. नातवंडांच्या सॉकरच्या मॅचला खुर्ची टाकून बसलेले असतात. त्यांच्या हातात स्क्रूड्रायव्हर द्या. झेंडूचा हार त्यानंतर घाला, म्हणजे तो शोभेल.

आता पुन्हा कधी तो लाल ट्रॅक्टर दिसला तर जरूर थांबा, फोटोही काढा. फक्त त्याच्याखाली ‘जुनं ते सोनं’ लिहू नका. लिहा, ‘हा ज्याचा आहे, त्याचाच आहे.’ आणि सोमवारी कामावर गेलात की समोरच्या पडद्यावरच्या यंत्राबद्दल हेच वाक्य लिहिता येईल का, ते बघा.